माझ्याकडे तर चालतंय!

आमच्या धंद्यात एक वाक्य फार बदनाम आहे. टेस्टर बिचारा बग घेऊन येतो, आपण आपल्या मशीनवर तोच प्रोग्राम चालवतो, तो मस्त चालतो, आणि आपण खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय!" टेस्टर हिरमुसून परत जातो. बग तिथेच असतो. दोन आठवड्यांनी तो कस्टमरकडे सापडतो आणि मग रविवारी सकाळी सगळ्यांना फोन जातात.

हेच वाक्य गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दर उन्हाळ्यात ऐकू येतं, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यात महागडं रूप म्हणजे उन्हात अडकणारं सनरूफ. दुपारी अडीच वाजता काच अर्ध्यावर अडकते, किंवा बंद होता होता चार बोटं राहिली की उलटी उघडत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आपण गाडी घेऊन जातो. शेडखाली, पंख्याच्या वाऱ्यात, तो माणूस बटण दाबतो. सुर्र... काच उघडते, सुर्र... बंद होते. "सर, इथे तर ओके आहे." तिसऱ्या फेरीला तोच माणूस म्हणतो, "सर, मोटर वीक झालीये. पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल." आकडा अर्थातच पाच आकडी.

"काहीच झालेलं नाही" इथून थेट "सगळंच बदला" इथे! मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? माझा आजचा मुद्दा एवढाच आहे मंडळी, की त्या मधल्या पायऱ्या मागून घ्यायला आपण शिकलं पाहिजे. कारण उन्हात अडकणारं सनरूफ बऱ्याचदा बिघडलेलं नसतंच. ते आपलं काम चोख करत असतं, आणि आपल्याला काहीतरी सांगत असतं.

आधी हे यंत्र आतून कसं असतं ते थोडक्यात बघू. छपरातल्या त्या भोकाच्या दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे दोन रूळ असतात. काच त्या रुळांत प्लॅस्टिकच्या छोट्या गुटक्यांवर सरकते. मोटर एकच असते. तिच्या दातेरी चाकावरून दोन केबल निघतात, स्प्रिंगसारखा पीळ असलेल्या. एक केबल डाव्या बाजूला ढकलते, दुसरी उजव्या. दोन्ही बाजू बरोबरीनं सरकल्या तर काच सरळ जाते. एका बाजूला अडथळा आला की काच किंचित तिरकी होते आणि अजूनच अडकते. जुन्या लाकडी कपाटाचा खण एका बाजूनं ओढला की कसा फसतो, अगदी तसं.

आता यात ऊन घाला. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो. आपल्या पुण्यातही ४० ची सवय झालीये. हे झालं सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या छपराचा पत्रा याहून कितीतरी जास्त तापतो, ६५ अंश म्हणजे काही विशेष नाही. सकाळी २५ अंशांवर असलेली वस्तू दुपारी ६५ वर, म्हणजे ४० अंशांचा फरक. आता जरा शाळेतलं फिजिक्स. एक मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा रूळ ४० अंशांनी तापला तर साधारण ०.९ मिलिमीटर वाढतो. तेवढंच पोलाद अर्धा मिलिमीटर. काच जेमतेम ०.३५ मिलिमीटर. आणि त्या गुटक्यांचं प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण चौपट दरानं फुगतं.

म्हणजे एकाच खोलीत राहणारे चार भाडेकरू, आणि उन्हाळा आला की चौघंही वेगवेगळ्या मापात जाड होतात! डिझाइन करणाऱ्यांना हे अर्थातच माहीत असतं. ते त्यासाठी फट सोडतात, ग्रीस लावतात. नव्या गाडीत म्हणूनच मे महिन्यातही काही होत नाही. पण चार-पाच वर्षांत त्या फटीत धूळ बसते, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, रबराचं बीडिंग उन्हानं चिवट होऊन काचेला चिकटायला लागतं. सोडलेली फट या सगळ्यांनी आधीच खाल्लेली असते. मग उन्हानं जो केसाएवढा फरक पडतो तो शेवटचा घास ठरतो.

मोटरवरही उन्हाचा परिणाम होतो, नाही असं नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ४० अंशांना १५-१६ टक्के. म्हणजे तापलेल्या मोटरची ताकद ऐन गरजेच्या वेळी थोडी कमी झालेली असते. त्यात आपण दहा वेळा बटण दाबलं की ती आणखी तापते, आणि बऱ्याच मोटरींमधलं तापमानाचं संरक्षण तिला थोडा वेळ बंद ठेवतं. पण ही थकलेली मोटर आहे, मेलेली नव्हे. हमालाच्या डोक्यावरचं ओझं वाढलं म्हणून हमालच बदलायचा का?

आता गंमत पुढे आहे. काच चार बोटं राहिली असताना उलटी का फिरते? तर कुणाचं तरी बोट सापडलंय असं तिला वाटतं म्हणून. याला अँटी-पिंच म्हणतात. मोटरच्या दांड्याजवळ बसवलेला सेन्सर तिचे फेरे मोजत असतो. काच कुठे आहे आणि कोणत्या वेगानं जातेय हे कंट्रोलरला त्यावरून कळतं. वेग अपेक्षेपेक्षा कमी झाला की तो समजतो, मध्ये काहीतरी आलंय, आणि काच मागे घेतो. युरोप-अमेरिकेच्या नियमांत या दाबाची मर्यादा १०० न्यूटन आहे, म्हणजे साधारण दहा किलोचं वजन अंगावर ठेवल्याइतकी. त्याआधी काच मागे फिरली पाहिजे.

कंट्रोलरला बोट दिसत नाही हो. त्याला फक्त अडथळा 'जाणवतो'. तो अडथळा पोराच्या मनगटाचा आहे की वाळलेल्या ग्रीसचा, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. चांगले कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज आणि तापमान धरून हिशोब करतात, पण शेवटी शंका आली की माघार, हाच त्यांचा नियम. आणि तो बरोबरच आहे. म्हणून मी म्हणतो, उन्हात उलटं फिरणारं सनरूफ बिघडलेलं नाही. ते एरर मेसेज देतंय: "घर्षण वाढलंय, बघा जरा."

आणि आपण काय करतो? मेसेजच बंद करतो!

कसं ते सांगतो. सर्व्हिस सेंटरचा, आणि इंटरनेटवरच्या झाडून सगळ्या व्हिडिओंचा, पहिला उपाय म्हणजे 'रीसेट'. बॅटरीची तार काढा, पुन्हा लावा, मग सनरूफचं बटण काही सेकंद दाबून धरा. काच एक पूर्ण फेरी मारते आणि सुरळीत चालायला लागते. टाळ्या! आता या फेरीत नक्की काय होतं ते बघा. कंट्रोलर आपली हद्द नव्यानं मोजतो, आणि बऱ्याच गाड्यांत कुठे किती जोर लागतो याचीही नोंद करतो. पुढे 'अडथळा' कशाला म्हणायचं ते तो या नोंदीवरून ठरवतो. घाणेरड्या रुळावर ही फेरी मारली तर घाणेरडा रूळ हाच त्याच्या लेखी नॉर्मल होतो. आपल्याकडे कुणी टेस्ट फेल होते म्हणून टेस्टमधली अपेक्षित किंमतच बदलली तर आपण त्याला काय म्हणतो? मी इथे लिहीत नाही, घरचेही हा ब्लॉग वाचतात :)

शिवाय अनेक गाड्यांत या शिकायच्या फेरीत अँटी-पिंच बंद असतं. काही गाड्यांत लागोपाठ दोनतीनदा काच उलटी फिरल्यावर बटण दाबून धरलं की ती जबरदस्तीनं बंद होते, तेव्हाही ते बंद असतं. मॅन्युअलमध्ये हे इशारा म्हणून छापलेलं असतं. आणि आपल्याकडे सनरूफमधून मुलं बाहेर डोकावत असतात, हे काही मी नव्यानं सांगायला नको. (चालत्या गाडीत मुलांना तसं उभं करणाऱ्यांबद्दल एक स्वतंत्र लेख लिहीन, रक्तदाब आटोक्यात असेल तेव्हा.) रीसेट वाईट नाही. पण तो शेवटी करायचा असतो, साफसफाई झाल्यावर. आधी रीसेट करणं म्हणजे तापाच्या रुग्णाचा थर्मामीटर झटकून "आता नॉर्मल आहे" म्हणण्यासारखं आहे.

मग करायचं काय? आपण रोज ऑफिसात जे करतो तेच. आधी बग पुन्हा घडवून दाखवायचा. गाडी सकाळी न नेता दुपारी न्यायची. एक ते तीन उन्हात उभी करून, तशीच तापलेली. माझी गाडी अडकायला लागली तेव्हा मी आठवडाभर मोबाइलमध्ये चार गोष्टी टिपल्या: वेळ, बाहेरचं तापमान, काच कुठपर्यंत गेली, आणि इंजिन चालू होतं की बंद. चार दिवसांतच चित्र स्पष्ट झालं. सकाळी आणि रात्री एकदाही नाही, दुपारी जवळजवळ दरवेळी, जागा तीच, आणि दरवेळी काच उलटीच फिरली. थांबली अशी एकदाही नाही.

हा 'थांबणं' आणि 'उलटं फिरणं' यातला फरक फार मोलाचा आहे. उलटी फिरते म्हणजे अँटी-पिंच, म्हणजे बहुधा घर्षण. हळूहळू मंदावत थांबते आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालते, म्हणजे मोटर तापतेय किंवा तिला वीज पुरत नाहीये. अशा वेळी इंजिन चालू करून बघावं: बंद इंजिनात बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास देते, चालू असताना १४ च्या आसपास मिळतात. तेवढ्यानं काच धावायला लागली तर संशय बॅटरीवर आणि वायरिंगवर घ्यायचा. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही किंवा तिरकी होते, म्हणजे केबल किंवा गुटका तुटलाय. तिथे बटणाला पुन्हा हातही लावू नका. काहीच आवाज नाही, म्हणजे फ्यूज, बटण, तार. आणि सुरुवातीला चिकटून मग एकदम 'चर्र' करून सुटते, म्हणजे रबर. पाच लक्षणं, पाच वेगळी कारणं. "अडकतं" या एका शब्दात आपण ती सगळी कोंबतो आणि मग पाचही कारणांना उत्तर एकच मिळतं: असेंब्ली बदला.

दुसरं तत्त्व, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी अडकली की तशीच सावलीत घ्यायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, पुन्हा बघायचं. बाकी काही न करता चाललं तर उष्णतेचा पुरावा हातात आला. (तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतायचा मोह टाळा.) तिसरं, तुलना. देवानं दोन रूळ दिलेत ते त्याचसाठी! पांढरं फडकं बोटाला गुंडाळून डावा रूळ पुसा, मग उजवा. माझ्या गाडीत डाव्या रुळाच्या मागच्या टोकाला काळा चिकट थर होता, आणि त्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा भुगा. पार्किंगच्या डाव्या बाजूला झाड आहे. झाडाचा दोष नाही, त्याची सावली मी फुकट खातो.

ते साफ करायला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या भाऊंना तासभर लागला. जुनं ग्रीस पूर्ण पुसलं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं नवं ग्रीस लावलं, बोटभर नाही, हलका हात. रबराला सिलिकॉनवालं. हे महत्त्वाचं आहे, कारण या बीडिंगला सहसा जे रबर वापरतात ते खनिज तेलानं फुगतं. घरातला कुठलाही डबा उघडून लावला तर चार दिवस बरं वाटतं आणि मग रबरच फुगून काचेला धरतं. डब्ल्यूडी-४० मारणाऱ्यांनाही हात जोडून विनंती: ते उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं. सगळ्यात शेवटी भाऊंनी मॅन्युअल उघडून रीसेटची फेरी मारली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. मोटर तीच आहे, जी 'वीक' होती.

आता कुणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरवाले चोर आहेत, हे तू सरळ का लिहीत नाहीस? कारण मला तसं वाटत नाही. त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याला दिवसाला गाड्यांचा कोटा आहे. माझ्या गाडीबरोबर दोन तास उन्हात उभं राहायचे पैसे त्याला कोण देणार? बिलात पार्टचा रकाना असतो, लेबरचा असतो. विचार करण्याचा रकाना नसतो. आणि असता तर आपण दिला असता का? "नुसतं बघायचे हजार रुपये?" म्हणून भांडणारे आपणच. ऑफिसात बग शोधायला तीन दिवस लागले आणि एक ओळ बदलली तर आपण तीन दिवसांचा पगार घेतो, आणि तो रास्तच आहे. गॅरेजात मात्र आपल्याला निदान फुकट हवं असतं. मग तिथला माणूस निदान करतच नाही, पार्ट विकतो. ही व्यवस्था आपण दोघांनी मिळून बनवली आहे. भाऊंना मी साफसफाईचे वेगळे आणि 'बघण्याचे' वेगळे पैसे दिले. ते आधी नको म्हणाले, मग घेतले. माझ्या मते हजार-दीड हजार निदानाला मोजणं हा साठ हजारांच्या असेंब्लीपेक्षा केव्हाही स्वस्त सौदा आहे.

दोष कंपन्यांचाही आहे. एकेकाळी सनरूफ म्हणजे फक्त मोठ्या साहेबांच्या गाडीत. २०२३ मध्ये आलेल्या एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही ते मिळायला लागलं, त्याच वर्षी अल्ट्रोझलाही मिळालं. जाहिरातीत सनरूफ पहिल्या ओळीत असतं. सर्व्हिसच्या तक्त्यात मात्र ऑइल, फिल्टर, ब्रेक सगळं असतं आणि रूळ पुसून ग्रीस लावायची ओळ शोधावी लागते. ज्या देशात धूळ बारमाही आणि ऊन चार महिने, तिथे ही ओळ ठळक अक्षरांत हवी. आणि जॉब कार्डवर 'तक्रार कधी होते' असा एक रकाना हवा: ऊन, पाऊस, सकाळ, चढ. एवढीशी मागणी आहे. कुठल्याही बग रिपोर्टमध्ये हा रकाना असतोच.

ते जुनं ईमेल फॉरवर्ड आठवतंय? व्हॅनिला आइस्क्रीम आणलं की गाडी सुरू होत नाही, दुसरा कुठलाही स्वाद आणला की होते, अशी तक्रार करणारा माणूस? कंपनीनं इंजिनियर पाठवला, तर कळलं की व्हॅनिला दुकानात दारातच ठेवलेलं असतं, माणूस लवकर परत येतो आणि तापलेल्या इंजिनाला निवायला वेळ मिळत नाही. ही दंतकथा आहे, पण दरवेळी ती मला आवडते. तक्रार वेडगळ वाटली तरी त्या इंजिनियरनं "माझ्याकडे तर चालतंय" म्हटलं नाही. तो आइस्क्रीम आणायला सोबत गेला.

असो. हे सगळं करायला मे महिना योग्य, आणि त्याचं एक वेगळं कारण आहे. सनरूफ हे झाकण आहे, बूच नव्हे. रबराच्या कडेनं थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच त्याभोवती पन्हळ असते, आणि सहसा तिच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांमधून खाली जातात. रुळात जी धूळ आणि पाकळ्या आहेत, त्याच या नळ्यांच्या तोंडाशीही बसतात. रूळ पुसताना प्रत्येक पुढच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूच सोडा आणि खाली चाकाजवळ ठिबकतंय का बघा. नाही ठिबकलं तर जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निसटते. नायलॉनची मऊ दोरी हलकेच सारा. एवढं सात जूनच्या आत उरकून घ्या. उन्हात अडकलेल्या काचेचं काय करायचं याचा विचार करायला सावली तरी मिळते. पहिल्या वळवात ती चार बोटं उघडी राहिली, तर मांडीवर छत्री धरून घरी यावं लागेल.